दुसरी खुर्ची निम्म्या किमतीत

९ मे, शनिवार

ही डायरी चार वर्षांपूर्वीची. कारखान्याच्या भांडारात उरलेल्या सात डायऱ्या निवृत्त होताना रीतसर सही करून घेतल्या होत्या, त्यातली ही तिसरी. तारखा चालतात, वार तेवढे खोडून लिहावे लागतात. वर्ष बदललं म्हणून कोरा कागद शिळा होत नाही, पण हे लोकांना सांगून पटत नाही.

पहाटे साडेपाचला निघालो. आज शनिवार, गुरुवारी हिच्या मावशीच्या गावी पोचायचं. मावशी जाऊन वर्ष होईल. तिला मूलबाळ नव्हतं, राहती खोली ती हिच्या नावावर करून गेली. ती विकायची आहे. दलाल ठरलाय, गिऱ्हाईक ठरलंय, कागद माझ्या पिशवीत आहेत, हिची सही तेवढी बाकी. आगगाडीनं एका दिवसात झालं असतं. पण या दिवसांत वाटेवरची दुकानं शिल्लक माल काढतात. मी दोन महिने जाहिरातींची कात्रणं जमवलीत. एका दगडात दोन पक्षी!

गाडी कारखान्याच्या लिलावातली. दारं चार आणि काचा खालीवर करायचं हँडल एक. ते माझ्या शर्टाच्या खिशात असतं. ज्याला वारा हवा त्यानं मागायचं, काच खाली करायची, हँडल परत जमा करायचं. एकतीस वर्षं मी भांडार असंच चालवलं. गेलेला बल्ब आणून दिल्याशिवाय नवा बल्ब नाही, फाटका हातमोजा दाखवल्याशिवाय नवा हातमोजा नाही. मोठ्या साहेबालासुद्धा नाही. टाचणी कमी भरली असेल तर शपथ.

मागचं डावं दार आतून उघडत नाही, बाहेरून उघडावं लागतं. बिघडत काही नाही, मी असतोच. पुढची डावी सीट या प्रवासासाठी काढली, तेवढीच मालाला जागा. काढली म्हणजे भंगारवाल्याला विकून टाकली. असा भाव काढला की बिचारा सीट उचलून नेताना दोनदा मागे वळून बघत होता. हिनं विचारलं, "सीट कुठं गेली?" मी म्हटलं, "माळ्यावर ठेवलीय." सकाळी सकाळी कटकट कशाला?

त्यामुळे ही मागे, डाव्या बाजूला. निघताना म्हणाली, "वाटेत खोलीसाठी चार वस्तू घेईन म्हणते. माझ्या पैशांनी." शिवणकामाचे तिचे पैसे असतात. मी लगेच हो म्हटलं. रिकाम्या खोलीपेक्षा मांडलेल्या खोलीला भाव जास्त येतो, दलालही हेच म्हणाला होता. हिला हे आपलं आपण सुचलं! तेहतीस वर्षांच्या संसारात कानावरून गेलेलं काहीतरी आत उतरलं म्हणायचं.

१० मे, रविवार

आजची खरेदी : चौदा कुलपं, वजनावर. किल्ल्या नाहीत. किल्ल्या काय, कधीतरी कुठेतरी मिळतील. रेक्झिनचा एक गुंडाळा, कडेला जरासा डाग. सहा बादल्या, कडी नसलेल्या.

आजचा सोडलेला सौदा मुद्दाम लिहून ठेवतो. भांड्यांचं दुकान बंद होत होतं. सहा ताटं चार ताटांच्या भावात, सहा कप तीन कपांच्या भावात! मी हिला म्हटलं, घे. ही म्हणाली, "एक ताट द्या. एक वाटी, एक पेला, एक कप."

दुकानदारानं माझ्याकडे बघितलं. म्हणाला, "ताई, एक घेतलात तर पूर्ण किंमत पडेल. सेटमध्ये फायदा आहे."

"माहीत आहे," ही म्हणाली. "एकच द्या."

मी तिला बाजूला घेऊन समजावलं. अगं, तीन कप फुकट पडतायत. फुकट! ती म्हणाली, "फुकटचे कपसुद्धा घासावे लागतात." कप काय, दाखवायलाच तर ठेवायचाय, घासतंय कोण! पण तिनं पदरचे पैसे मोजले आणि कागदात गुंडाळून मांडीवर घेऊन बसली. पुढचे चाळीस किलोमीटर मी गप्प होतो. बहुधा तिच्या लक्षात आलं नसावं.

संध्याकाळी लेकीचा फोन. माझ्याशी दोन वाक्यं, आईशी अर्धा तास. ही खिडकीशी जाऊन हळू आवाजात बोलत होती. मायलेकींचं गूळपीठ पहिल्यापासूनच आहे. मी विचारलं, "काय म्हणते?" तर म्हणे, "मशीन पोचलं म्हणाली." शिवणाचं मशीन महिन्यापूर्वी दुरुस्तीला म्हणून लेक घेऊन गेली होती. चला, एक खर्च तिच्या गळ्यात पडला.

११ मे, सोमवार

आज माझी चूक झाली. डायरीत खोटं लिहिण्यात अर्थ नाही.

दुपारी एका गावात हार्डवेअरच्या दुकानाबाहेर पाटी दिसली, खिळे आणि बिजागऱ्या किलोवर. मी गाडी उभी केली, हिला म्हटलं, "पाच मिनिटांत आलो." सवयीनं माझं दार बंद करून किल्ली फिरवली, चारही दारांना कुलूप. आत माणूस भला होता, पण भावाला चिकट. अशा माणसाशी बोलायला मजा येते. बोलता बोलता बाहेर कुणीतरी हॉर्न वाजवायला लागलं. एकदा, मग पुन्हा, मग बराच वेळ. मी दुकानदाराला म्हटलंसुद्धा, "काय लोक आहेत बघा, जरा धीर नाही." तोही हसला.

बाहेर आलो तर आमच्या गाडीपाशी एक बाई छत्री उघडून उभ्या होत्या. छत्री स्वतःच्या डोक्यावर नव्हती, मागच्या काचेवर धरली होती. काच बंद. हँडल माझ्या खिशात. आत ही, तोंड लालबुंद, केस कपाळाला चिकटलेले. तिच्या उजवीकडे रेक्झिन आणि बादल्या, पुढे मालाची खोकी, हलायला जागा नाही. मी धावत जाऊन दार उघडलं. ती उतरली आणि त्या बाईंचा हात धरून नुसती उभी राहिली. बाईंनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. आणि छत्री मिटली.

मी म्हटलं, "अगं, हॉर्न वाजवायचास ना!"

ती म्हणाली, "वाजवला. खोक्यांवर आडवी पडून तीनदा वाजवला. शेवटी हात भरून आला."

मला खरंच वाईट वाटलं. गार पाण्याच्या दोन बाटल्या घेतल्या, छापील किमतीला. पण तेव्हापासून मनात एक येतंय ते लिहून ठेवतो : घड्याळात पाहिलं तर वीसच मिनिटं झाली होती. ती मात्र संध्याकाळी लेकीला फोनवर सांगत होती, "खूप वर्षं झाली गं." कशाला खूप वर्षं झाली ते विचारायचं राहिलं.

१२ मे, मंगळवार

आजचं गाव मोठं. गाडीतून खडखड आवाज येत होता म्हणून एका मिस्त्रीला दाखवली. आवाज माझ्या कुलपांचाच निघाला. जाता जाता मिस्त्रीनं दारं बघितली. म्हणाला, "काका, अशाच गाडीची तीन हँडलं पडलीत माझ्याकडे. मागचं दारही अर्ध्या तासात आतून उघडेल असं करून देतो. सगळं मिळून एका जेवणाच्या पैशात."

ही मागून म्हणाली, "करून घ्या ना."

मी विचार केला. हँडल एक आहेच. एकानं चार काचा उघडतात, मग बाकी तीन काय कामाची? आणि दार बाहेरून उघडतंच आहे. गरज नाही ती वस्तू स्वस्त मिळाली तरी महागच, हे तत्त्व. मी त्याला म्हटलं, "येताना बघू."

ही म्हणाली, "तुमच्या येतानाचं दुकान कधी उघडतच नाही."

मिस्त्री तोंड फिरवून हसला. मला बोलणं झोंबलं.

मग तिचा सूड. जुन्या लाकडी सामानाचं दुकान. तिला एक खुर्ची आवडली. साधी, घडीची, वेताची बैठक, पाठ सरळ. तशीच दुसरी शेजारी होती, जोडीतली. दुकानदार म्हातारा, कान जरा जड. म्हणाला, "एक घेतली तर दुसरी निम्म्या किमतीत. जोडी मोडायला जीव होत नाही हो." मी मनातल्या मनात टाळी वाजवली. असा सौदा दहा वर्षांत एखादा.

ही म्हणाली, "एकच हवी."

"अगं निम्म्या किमतीत!"

"मी ऐकलं."

"खोली बघायला येणारा उभा राहणार का? दोन खुर्च्या दिसल्या की घर दिसतं. एका खुर्चीनं खोलीला काय शोभा?"

ती खुर्चीवर बसली होती. दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर टेकवून बसली होती, डोळे मिटून. म्हणाली, "मला एक पुरते."

मी दुसरी माझ्या पैशांनी घ्यायला निघालो, तर तिनं माझं मनगट धरलं. जोरात. "ती घेऊ नका," म्हणाली. इतक्या गंभीरपणे की म्हातारा मागे सरला. चारचौघांत तमाशा नको म्हणून मी सोडून दिली. हे मला नेहमी आठवत राहणार. चहाच्या टपरीवर दिवसाचा हिशेब मांडताना हाच सौदा पुनःपुन्हा डोळ्यांपुढे आला.

हल्ली हिच्यात हा एक हट्ट शिरलाय. एक उशी, एक चादर, एक बर्नरची शेगडी. मी म्हटलं, "एवढी काटकसर माझ्याकडून शिकलीस, पण अर्धीच शिकलीस." ती खिडकीबाहेर बघत होती.

१३ मे, बुधवार

लिहिण्यासारखी खरेदी नाही. ऊन असं की गाडीचं स्टिअरिंग फडक्यानं धरावं लागलं. लॉजवर दुपारीच थांबलो. पंखा फिरतो, वारा येत नाही. खिडकीला बाहेरून फळी ठोकलीय, त्यामुळेच खोली स्वस्त मिळाली.

आम्ही दोघं पलंगाच्या दोन टोकांना बसलो होतो. मला एकदम बोलावंसं वाटलं. म्हटलं, "निवृत्त झाल्यापासून कधीकधी घरात कोंडल्यासारखं होतं बघ. सकाळी उठतो, दारापर्यंत जातो, परत येतो. कुणी काही मागायला येत नाही. भिंती अंगावर येतात." हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

तिनं वळून माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "तीनच वर्षांत?"

मग आम्ही दोघंही हसलो. ती आधी हसली, म्हणून मीही हसलो. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं माझ्या शर्टाचं सैल झालेलं बटण बघितलं, पिशवीतून सुई-दोरा काढला आणि शर्ट अंगावर असतानाच लावून दिलं. दोरा दातानं तोडला. म्हणाली, "बाकीचीही पक्की करून ठेवते," आणि एकेक करून सहाही बटणं पुन्हा लावली. पक्की असलेलीसुद्धा. मी म्हटलं, दोरा वाया घालवतेस. पण बरं वाटलं. खूप दिवसांनी इतक्या जवळ बसली होती.

उद्या सही झाली की मोकळे.

१४ मे, गुरुवार

सही झाली नाही.

जमेल तसं लिहितो. अकराला पोचलो. गल्ली अरुंद, खाली शाळेच्या गणवेशांचं दुकान, वर दोन मजले. गाडीतच हिनं हँडल मागून घेतलं होतं. मी हिचं दार उघडलं, तर दुकानवाली गल्ल्यावरून उठून बाहेर आली आणि म्हणाली, "आलात? सोमवारी पहिला गठ्ठा पाठवते हं. सदऱ्यांच्या कॉलरी आहेत." मला वाटलं, बाई दुसऱ्या कुणाला तरी समजून बोलतेय. ही म्हणाली, "सोमवारी चालेल."

दुसऱ्या मजल्यावर दार. किल्ली दलालाकडे आहे असं मी धरून चाललो होतो. हिनं ती पर्समधून काढली. आत खोली झाडलेली. खिडकी उघडी. खिडकीखाली हिचं शिवणाचं मशीन.

मी मशीनकडे बघतच राहिलो. म्हटलं, "हे इथं कसं?"

"पोचलं म्हणून सांगितलं होतं तुम्हाला."

मी कागद काढले. काय करणार, दुसरं काही सुचलंच नाही. म्हटलं, "दलाल बाराला येतोय. इथं सही कर."

"नाही करणार."

"भाव कमी वाटतोय का? ताणतो अजून त्याला."

"भावाचं नाही हो," ती म्हणाली. "मी इथं राहणार आहे."

"किती दिवस?"

"दिवस मोजून नाही आले."

मग मी आवाज चढवला. लिहायला लाज वाटते, पण चढवला. म्हटलं, मी काय कमी केलं? हात उगारला? दारू प्यालो? घरात धान्य नव्हतं असा एक दिवस दाखव. ती खुर्चीची घडी उघडत होती. खिडकीशी नीट ठेवली आणि म्हणाली, "तुम्ही वाईट नाही. कुणी विचारलं तर तेच सांगीन. पण तेहतीस वर्षं मी प्रत्येक गोष्ट मागून घेतलीय. साबण संपला तर कागद दाखवून. भाजीला पैसे हवेत तर कालची चिठ्ठी दाखवून. आता तर वारासुद्धा."

"मागितल्यावर कधी नाही म्हटलं का?"

"कधीच नाही म्हटलं नाहीत," ती म्हणाली. "पण मागावं तर लागलंच ना."

एक ताट, एक वाटी, एक पेला, एक कप. एक उशी. एक खुर्ची. मी शहाणा, सेट घे म्हणून तिच्याशी भांडत होतो! भर बाजारात, ऐकू न येणाऱ्या म्हाताऱ्यासमोर, माझी बायको मला सांगत होती आणि मी तिला टक्केवारी शिकवत होतो.

मी पिशवी उचलली आणि खाली आलो. तिनं थांबवलं नाही. दलाल जिन्यात भेटला, त्याला काय सांगितलं आठवत नाही.

१५ मे, शुक्रवार

काल कुठे झोपलो ते लिहीत नाही. गाडीतच.

आज निघालो तेव्हा कळलं की हँडल तिच्याकडे राहिलं. चारही काचा बंद. सकाळी नऊपर्यंत ठीक होतं. दहाला घाम डोळ्यांत जायला लागला. गाडी थांबवून दार उघडायचो, दोन श्वास घ्यायचो, पुन्हा बसायचो. कुणाकडे मागणार? मागायला गाडीत कुणी नव्हतं.

एका पंपावर पेट्रोल घेतलं, गाडी कडेला लावली. मनात आलं, हँडल तिनं नेलं नसेल, मागे सीटखाली पडलं असेल. माझं दार सवयीनं बंद करून बाहेरून मागचं डावं दार उघडलं, आत शिरलो, वाकून हात घातला. वाऱ्याची झुळूक आली आणि दार लागलं.

किल्ली पँटच्या खिशात, पण मागच्या दाराला आतून किल्ली कुठली लावणार! उजवीकडे सहा बादल्या, रेक्झिन, खिळ्यांची पोती. पुढे खोकी. मी तिच्या जागेवर बसलो. तिथून काय दिसतं ते आज पहिल्यांदा कळलं. डावीकडे काच, समोर खोकी, आणि चालवणाऱ्याची मान. बाकी काही नाही. सहा दिवस ती माझी मान बघत आली. मानेवरून माणूस ओळखता येतो का? तिला येत असेल.

मग जीव घाबरा झाला. माझा, भांडारपालाचा! काचेवर थापा मारल्या. खोक्यांवर आडवा पडून हॉर्न वाजवला, माझ्या दारापर्यंत हात पोचेना. पंपावरच्या बाईनं माझ्याकडे बघून हात केला, म्हणजे थांबा, गिऱ्हाईक आहे. पुन्हा वाजवला. ती दुसऱ्याच्या टाकीत पेट्रोल भरत राहिली. ओरडलो, तो आवाज आतच राहिला. शर्टाचं वरचं बटण काढायला गेलो, तर ते निघेना, इतकं पक्कं शिवलेलं. तेव्हा मी रडलो. वय वर्षं एकसष्ट, पंपावर, भर दिवसा.

किती वेळानं कोण जाणे, ती बाई आली. दार उघडून म्हणाली, "काका, आतून उघडत नाही होय? मग दुरुस्त का नाही करून घेत?"

बाहेर पडलो, नळाखाली डोकं धरलं. घड्याळ बघितलं. अकरा मिनिटं झाली होती.

१६ मे, शनिवार

मिस्त्रीकडे गेलो. तीन हँडलं आणि दार. तो म्हणाला, "त्या दिवशीचा भाव आज नाही काका, आज गर्दी आहे." मी म्हटलं, "सांगशील तो देतो." तो चमकून बघायला लागला. बहुधा त्याला वाटलं, माझी तब्येत बरी नाही. दार झाल्यावर मी आत बसून दहा-बारा वेळा उघडून पाहिलं.

मग लाकडी सामानाचं दुकान. दुसरी खुर्ची भिंतीला टेकून होती. म्हाताऱ्यानं मला ओळखलं. त्याच्या कानाशी वाकून सांगितलं, ही हवी. तो म्हणाला, "निम्मी किंमत जोडीला होती. आता ही एकटी आहे, एकटीची पूर्ण पडेल."

मी पूर्ण दिली. हुज्जत घातली नाही. पैसे मोजून घेताना म्हाताऱ्याचाच चेहरा पडला, त्यानं उगाच एक फडकं वर दिलं, पुसायला.

कुलपं आणि पुढची खोकी त्याच्याकडेच ठेवून आलो. कुणाला किल्ल्या सापडल्या तर बघा म्हटलं.

१७ मे, रविवार

चारही काचा उघड्या ठेवून आलो. म्हणजे तीन. मागची डावी बंदच, तिचं हँडल तिच्याकडे.

दुपारी चारला दार वाजवलं. आतून मशीनचा आवाज येत होता, तो थांबला. तिनं दार उघडलं. मला बघितलं, खुर्ची बघितली. मी म्हटलं, "घ्यायला नाही आलो. ही द्यायला आलो."

तिनं उंबऱ्यावरूनच हात पुढे केला. मग खुर्ची आत घेतली, घडी उघडली, पण आपल्या खुर्चीशेजारी नाही, दाराशी ठेवली. म्हणाली, "पाहुण्यांना होईल. बसा."

मी बसलो. पाहुणा म्हणून बसलो. तिनं चहा टाकला, माझ्यासमोर कप ठेवला आणि स्वतः मशीनपाशी जाऊन कॉलर उलटायला लागली. मी म्हटलं, "तू?"

"कप एकच आहे. तुमचं होऊ द्या, मग घेते."

मी तो चहा कसा प्यालो माझं मला माहीत. अर्धा पिऊन कप पुढे केला, तिनं मान हलवली. मग सगळा संपवला, उठून कप विसळला, पुसला आणि उपडा घातला. सहा कप तीन कपांच्या भावात. असो.

निघताना तिनं पर्समधून हँडल काढलं, त्याच्याबरोबर आमच्या घराच्या किल्ल्या. दोन्ही मशीनच्या टेबलावर ठेवलं. म्हणाली, "हे जमा करून घ्या."

मी हँडल घेतलं. किल्ल्या घेतल्या नाहीत. म्हटलं, "किल्ल्या राहू देत. त्या दिल्या तेव्हा बदल्यात काही जमा करून घेतलं नव्हतं."

आयुष्यातलं पहिलंच वाक्य असेल हे माझं, या प्रकारचं. तिनं किल्ल्या परत पुढे सारल्या नाहीत. मग मी म्हटलं, "दोन मिनिटं खाली येतेस? एक दाखवायचंय."

ती खाली आली. मी हँडल मागच्या डाव्या काचेला बसवलं आणि बाजूला झालो. ती आत बसली. काच खाली केली, वर केली, पुन्हा खाली केली. दार ओढून घेतलं. मी हात पाठीमागे बांधून उभा होतो. हात पुढे जायला बघत होते, जाऊ दिले नाहीत. तिनं आतून दार उघडलं आणि उतरली. पुन्हा आत बसली, दार लावलं, पुन्हा उघडून उतरली. असं तीनदा. तिसऱ्यांदा उतरताना जरा हसली. गणवेशवाली गल्ल्यावरून टक लावून बघत होती.

"छान झालंय," ती म्हणाली.

मी धीर करून विचारलं, "कधी पंधरा दिवसांनी आलो, तर चक्कर मारायला येशील? जिथं म्हणशील तिथं. दुकानं नाही बघायची."

तिनं गाडीत डोकावून पाहिलं, पुढच्या बाजूला, जिथं आता खोकी नव्हती, नुसता पत्रा होता आणि चार बोल्टची भोकं. म्हणाली, "मागे नाही बसायची मी आता. आधी ती पुढची सीट लावा. माळ्यावरची. मग बघू."

मी म्हटलं, "लावतो."

ती जिना चढून गेली. थोड्या वेळानं मशीन पुन्हा सुरू झालं, ते खाली गल्लीत ऐकू येत होतं.

सीट माळ्यावर नाही. सीट मी विकलीय, आणि ते तिला माहीत नाही. भंगारवाल्याला आत्ता दोनदा फोन लावला, उचलत नाही. उचलला की सांगणार आहे, तू म्हणशील ती किंमत. फक्त अजून तोडली नाहीस ना, एवढं सांग.